बाजार हवा, आधारही हवा: तरुण पिढी सामाजिक सुरक्षेच्या बाजूने का आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या पगारपत्रकांचं काम मी बरीच वर्षं केलं. पगाराची स्लिप घेऊन येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न माझ्याकडे येत राहिले आणि "आजकालच्या पोरांना सगळं सरकारकडून हवं" म्हणणाऱ्या त्यांच्या आईवडिलांचेही. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

सामाजिक सुरक्षा म्हणजे नेमकं काय धरायचं?

आजारपण, अपघात, बाळंतपण, नोकरी जाणं आणि म्हातारपण, या काळात माणसाच्या हातून कमाई होत नाही. सहावा प्रसंग म्हणजे कमावता माणूस अचानक जाणं. अशा वेळी घर उघड्यावर पडू नये म्हणून वर्गणी, विमा किंवा कर यांतून आधीच करून ठेवलेली सोय म्हणजे सामाजिक सुरक्षा. रेशन आणि सरकारी दवाखाना हेही मी त्यातच धरते. उड्डाणपूल आणि निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या साड्या यात येत नाहीत.

म्हणजे शेवटी समाजवादच ना?

अजिबात नाही. सक्तीचा आरोग्य विमा देशभर लागू करणारा पहिला देश जर्मनी. तिथे तो १८८३ साली आला, पुढच्या वर्षी अपघात विमा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन. हे आणणारा बिस्मार्क समाजवाद्यांचा हाडवैरी होता, त्यांच्या सभांवर आणि वर्तमानपत्रांवर त्याने आधीच बंदी घातली होती. कामगारांनी त्यांच्या मागे जाऊ नये, म्हणून त्याने विमा दिला. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा १९४२ च्या अहवालात मांडणारे विल्यम बेव्हरिज लिबरल पक्षाचे. त्यांचा जन्म आपल्याकडच्या, तेव्हाच्या बंगाल प्रांतातल्या रंगपूरचा. आणि खुल्या बाजाराचे मोठे पुरस्कर्ते फ्रीडरिक हायेक यांनाही आजार आणि अपघातांसाठी सरकारच्या मदतीने सर्वांसाठी विमा उभा राहावा, हे मान्य होतं.

डेन्मार्कचं उदाहरण नेहमी दिलं जातं, तेही नीट समजून घ्यायला हवं. तिथे कंपनीला माणूस कामावरून कमी करणं तुलनेने सोपं आहे. किमान वेतनाचा कायदासुद्धा नाही, वेतन संघटना आणि मालक बोलणी करून ठरवतात. पण नोकरी गेलेल्याला बेकारी विमा मिळतो, नवं काम शिकवलं जातं, दवाखान्याचं बिल येत नाही. अमेरिकेत लोक डेन्मार्कला समाजवादी म्हणू लागले तेव्हा २०१५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधानांना तिथे जाऊन सांगावं लागलं की डेन्मार्क ही बाजारव्यवस्थाच आहे.

मालकी खाजगी, किमती बाजार ठरवणार, नफा कमावायला मोकळीक. जो पडेल त्याला सावरायची व्यवस्था मात्र सगळ्यांची मिळून. मला भेटणाऱ्या बहुतेक मुलांना एवढंच हवं असतं.

तरुणांचा कल खरंच असा आहे, की हे नुसतं सोशल मीडियावरचं वारं आहे?

अमेरिकेत गॅलप या संस्थेने २०१० मध्ये १८ ते २९ वयाच्या लोकांना विचारलं तेव्हा ६८ टक्क्यांचं भांडवलशाहीबद्दल चांगलं मत होतं. २०१८ मध्ये ते ४५ टक्क्यांवर आलं आणि समाजवादाबद्दल चांगलं मत असलेले ५१ टक्के निघाले. तरुण डावे झाले, असे मथळे तेव्हा गाजले. पण त्याच संस्थेच्या पाहण्यांत छोट्या उद्योगांबद्दल विचारलं की जवळजवळ सगळेच चांगलं बोलतात. दुकान काढण्याला, कंपनी सुरू करण्याला कुणाचा विरोध नाही. त्या पिढीने २००८ ची मंदी पाहिली, शिक्षणासाठी डोक्यावर मोठं कर्ज घेतलं आणि तिच्या देशात आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतूनच मिळतो. विमा जाईल या भीतीने नको असलेली नोकरी धरून बसणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे १४ ते २० मार्च २०२३ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप आठवा. जुनी पेन्शन योजना परत आणा, ही त्याची मुख्य मागणी होती. जुनी पेन्शन बंद झाली ती १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची, म्हणजे त्यातल्या त्यात तरुण कर्मचाऱ्यांची. पहाटे मैदानांवर पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं पाहा. त्यातल्या अनेकांना खाकीची ओढ असते, हे खरंच. पण घरी विचारलं तर आई सांगते, "लागला की कायमचं टेन्शन गेलं." पगारापेक्षा त्या 'कायमचं' या शब्दाची ओढ जास्त असते.

आमच्या पिढीने तर असलं काही मागितलं नव्हतं. मग यांनाच का हवं?

काका, तुमच्या पिढीला ते मागावं लागलं नाही, कारण ते नोकरीतच मिळत होतं.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनं, औषधं, इंजिनिअरिंगचे मोठे कारखाने आले. तिथे पर्मनंट झालेल्या कामगाराला काय मिळायचं, ते आठवून बघा. पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), दिवाळीचा बोनस, कॅन्टीन, कामगार हॉस्पिटल, सोसायटीचं कर्ज आणि काही ठिकाणी मुलाला कंपनीत चिकटवायची सोयसुद्धा. हे सगळं मालकाने प्रेमाने दिलं नव्हतं. त्यामागे कायदे होते आणि युनियन होती. १९४८ चा राज्य विमा कायदा, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा. त्या माणसाला वेगळ्या 'सामाजिक सुरक्षे'ची गरज वाटली नाही, कारण ती त्याच्या गेटपासमध्येच होती.

आज त्या जागांवर काय आहे, हे ठाणेकराला सांगायला नको. पोखरण रोडला जिथे कापडाची गिरणी होती तिथे टॉवर आहेत. ऐरोली, महापे, घणसोलीला कारखान्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली. त्यांत काम आहे, पगारही बरा आहे, आणि हे मी मनापासून मान्य करते. पण हाउसकीपिंगचा माणूस एका ठेकेदाराचा, सिक्युरिटी दुसऱ्याचा, आणि कॉम्प्युटरवर बसलेली मुलगीसुद्धा अनेकदा तिसऱ्याच कंपनीच्या पगारपत्रकावर. ठेकेदार बदलला की तिची नोकरी कागदावर नव्याने सुरू होते. सलग ५ वर्षं एका मालकाकडे झाली तर ग्रॅच्युइटी, हा नियम इतकी वर्षं तिच्या काहीच कामाचा नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या करारावर लागलेल्याला १ वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद आहे. ती आधीच यायला हवी होती.

म्हणून हा फरक स्वभावातला नाही. जे तुमच्या नोकरीत मिळत होतं ते आता नोकरीत नाही, तेव्हा मुलं ते नोकरीबाहेर शोधत आहेत.

पीएफ कापला जातो ना! मग म्हातारपणाची सोय झालीच की.

झाली, पण किती, ते कागदावर मांडून बघू. तुमच्या पगारातून १२ टक्के जातात आणि मालक १२ टक्के भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण मूळ पगार १५ हजारच धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. पेन्शन मिळायला किमान १० वर्षं नोकरी लागते. ३० वर्षं पैसे भरले तरी आजच्या सूत्राने महिन्याचं पेन्शन साडेसहा ते सात हजारांच्या आसपास येतं. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबलेलं आहे. हजार रुपयांत आज नौपाड्यात एका म्हाताऱ्या माणसाचा औषधांचा खर्चही निघत नाही.

शिवाय मुलं नोकरी बदलताना मागचा पीएफ काढून घेतात. त्यांना मी रागावत असे. पण घरात कुणाचं ऑपरेशन असतं, खोलीचं डिपॉझिट वाढलेलं असतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सरकारने पीएफमधून आगाऊ रक्कम काढायची मुभा दिली, तेव्हा माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग लागला होता. म्हातारपणासाठी साठवलेले पैसे पंचविशीतल्या मुलांना किराण्यासाठी काढावे लागत होते. भविष्य निधी आणि संकटकाळचा निधी एकच असला की असं होणारच.

ईएसआयचं कार्ड होतं, पगार वाढला आणि ते गेलं. हे काय गणित आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे.

राज्य विम्यात, म्हणजेच ईएसआयमध्ये, तुम्ही पगाराच्या ०.७५ टक्के भरता, मालक ३.२५ टक्के. त्या बदल्यात तुमच्यावर आणि अवलंबून असलेल्या कुटुंबावर उपचार होतात, आजारपणात ठरावीक दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात, बाळंतपणात २६ आठवड्यांचा पगार मिळतो. वागळे इस्टेटचं किंवा वाशीचं कामगार रुग्णालय कसं चालतं याबद्दल तक्रारी खूप आहेत. पण मोठ्या आजारात या कार्डाने घरं वाचवलेली मी पाहिली आहेत. नोकरी गेल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली अर्ध्या पगाराइतका भत्ता जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकतो, हे तर बहुतेकांना माहीतही नसतं.

मात्र या विम्यासाठी पगाराची मर्यादा २१ हजार आहे आणि ती २०१७ पासून तशीच आहे. तुमचा पगार २०,५०० वरून २२,००० झाला की चालू सहामाहीनंतर तुम्ही बाहेर. हातात वाढलेले दीड हजार, आणि आईवडिलांसकट सगळ्या घराचा खाजगी आरोग्य विमा काढायचा तर त्याच्या हप्त्याला ही वाढ पुरणार नाही. गरिबांच्या योजनेत बसायला तुम्ही जास्त कमावता आणि खाजगी हॉस्पिटलचं बिल भरायला कमी. कळवा, दिवा, कोपरखैरणे, घणसोलीत भाड्याने राहणारी हजारो तरुण घरं या मधल्या पट्ट्यात आहेत. पगारवाढीचं पत्र हातात घेऊन रडवेली झालेली मुलगी मी पाहिली आहे, कारण तिच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. 'सगळ्यांना आरोग्यसेवा' या मागणीला तरुण मान का डोलावतात, याचं माझं उत्तर हेच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. ही दिशा मला योग्य वाटते. फक्त हॉस्पिटल यादीत आहे का आणि तुमचा आजार त्यात बसतो का, हे आधी बघावं लागतं.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसाठी काही करायचं म्हटलं तर कंपन्या पळून जातील ना?

याचं उत्तर नवी मुंबईत, तुर्भ्याच्या बाजारात सापडेल.

पाठीवर पोती वाहणारा हमाल हा कुणाचा नोकर होता? आज या व्यापाऱ्याकडे गाडी उतरवली, उद्या त्या. मालक ठरत नाही म्हणून पीएफ नाही, रजा नाही, औषधपाणी नाही. अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यातली युक्ती मला आजही थक्क करते. कायद्याने मंडळं नेमली. कामगाराची आणि व्यापाऱ्याची, दोघांची नोंदणी मंडळाकडे. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि त्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, भरतो. मजुरी कामगाराच्या नावावर जमा होते आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. गाडी कुणाचीही उतरवा, तुमचं खातं एकच. मालक बदलला तरी सुरक्षा तुमच्याबरोबर चालते.

त्यामुळे बाजार बंद पडला का? मुंबईचे घाऊक बाजार तुर्भ्याला आले, वाढले, आज एपीएमसीच्या बाहेर पहाटे ट्रकांच्या रांगा लागतात. आणि कोपरखैरणे-घणसोलीत माथाड्यांची घरं झाली, त्यांची मुलं शिकली. त्यातलीच काही आज समोरच्या आयटी पार्कात कामाला जातात.

आता रायडर बघा. आज या ॲपवर, संध्याकाळी त्या. मालक म्हणतो हा 'पार्टनर' आहे. घोडबंदर रोडच्या खड्ड्यात गाडी घसरली, पाय मोडला, तर दोन महिने कमाई शून्य, आणि गाडीचा हप्ता चालूच. आयडी ब्लॉक झाला तर विचारायचं कुणाला, हेही माहीत नाही. पाठीवरचं पोतं जाऊन पाठीवर बॅग आली आहे, एवढाच फरक. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार धरले आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला. राजस्थानने २०२३ मध्ये यांच्यासाठी पहिला कायदा केला, नंतर कर्नाटकानेही. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरावेत असं आहे आणि त्यालाही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. माथाडी मंडळांची लेव्ही याच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. महाराष्ट्राने तर आपलंच जुनं मॉडेल काढून वापरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी टोळ्यांनी उद्योजकांकडून खंडणी उकळली, ही तक्रार खोटी नाही. पण ती पोलिसांनी निस्तरायची गोष्ट आहे. तिच्यासाठी कायदाच मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आधार मिळाला की माणूस आळशी होतो, हे तरी खरं ना?

फिनलंडने २०१७ आणि २०१८ मध्ये २,००० बेकारांना महिन्याला ५६० युरो बिनशर्त दिले. काम लागलं तरी पैसे चालूच राहणार होते. त्या लोकांचं काम करणं कमी झालं नाही, उलट किंचित वाढलं, आणि त्यांची मनःस्थिती सुधारली. मध्य प्रदेशात 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संघटनेने काही गावांत असाच प्रयोग केला. तिथे लोकांनी कोंबड्या-बकऱ्या घेतल्या, बियाणं घेतलं, शेतात जास्त काम केलं. आपली रोजगार हमी तर काम केल्याशिवाय पैसेच देत नव्हती.

ठाण्याच्या माणसाला हे दहीहंडीवरून लगेच कळेल. वरच्या थरावर चढणाऱ्या गोविंदाच्या डोक्यावर आता हेल्मेट असतं, कमरेला दोरी असते, पथकाचा विमा असतो. त्यामुळे थर कमी झाले नाहीत. धंदा काढणं, चांगली पण कच्ची नोकरी घेणं, तिशीत पुन्हा शिकायला जाणं हीही चढाईच आहे. चांगल्या घरची मुलं ती करू शकतात, कारण पडल्यावर वडिलांचा फ्लॅट असतो. बाकीच्यांनी काय करायचं?

घरचे आहेत की! आपल्याकडे कुटुंब हाच आधार असतो.

खरं आहे, आणि म्हणूनच तरुण इतके दमलेले आहेत.

आपल्याकडे आईवडिलांचं पेन्शन म्हणजे मुलगा, आणि आता मुलगीसुद्धा. कळव्याच्या चाळीतली पंचवीस वर्षांची मुलगी घ्या. वडील रिक्षा चालवायचे, आता गुडघ्यांनी बसले. आई घोडबंदरच्या टॉवरमध्ये घरकाम करते, तिला सुट्टी घेतली की पगार कापून मिळतो. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्या माऊलीला त्यातून दरमहा हातात पडेल असं काही नाही. धाकटा भाऊ कॉलेजात. या मुलीच्या २५ हजारांत आईवडिलांचं पेन्शन, भावाची शिष्यवृत्ती, घराचा आरोग्य विमा आणि तिचा स्वतःचा डबा असं सगळं बसवायचं. ती लग्न लांबवते. दुसऱ्या शहरातली चांगली नोकरी नाकारते, कारण मागे कुणी नाही. लोक म्हणतात आजकालच्या मुलींना करिअर नको असतं किंवा जबाबदारी नको असते. तिच्या खांद्यावर काय काय आहे, ते आधी बघा.

ती जेव्हा म्हणते की म्हाताऱ्यांना सरकारने नीट पेन्शन द्यावं, तेव्हा ती आईवडिलांना टाकत नाही. त्यांच्याकडे खर्चाचा विषय न काढता बसता यावं, एवढं ती मागते आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक केलं आहे. ज्यांच्याकडे देण्यासारखं काही नाही त्यांनी ते कुठून आणायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. आणि संजय गांधी निराधार योजनेची कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार रुपये. शहरात इतक्या कमी पैशांत जगणारं कुटुंब दाखवा म्हटलं तर कुणालाही सापडणार नाही.

एसआयपी करा, टर्म इन्शुरन्स घ्या. सरकार कशाला मध्ये?

जमेल त्याने जरूर करावं. मी मुलांना पहिल्या पगारापासून ते सांगत आले, आणि ती करतातही. सकाळी फंडाचा आलेख बघणारा आणि संध्याकाळी जुन्या पेन्शनच्या बाजूने बोलणारा मुलगा एकच असतो. यात विसंगती नाही. बाजार पैसा वाढवतो, हे त्याला पटलंय. पण आधीपासून मधुमेह असलेल्या वडिलांना विमा कंपनी कशी वागवते, हेही त्याने पाहिलं आहे.

गावठाणातल्या आगरी-कोळी मुलांचं म्हणणं वेगळं का असतं?

त्यांच्या घरात आधार जमिनीतून आला होता. सिडकोने नवी मुंबई वसवायला शेती आणि मिठागरं घेतली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जे आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. तो भूखंड आणि त्यावरच्या खोल्यांचं भाडं हेच त्या घरांचं पेन्शन झालं. आता नातवंडांपर्यंत वाटण्या झाल्या आहेत, एकेकाच्या वाट्याला एखादी खोली. त्यामुळे तिथली तरुण मुलं आधी स्थानिकांना नोकऱ्या मागतात आणि त्यात चूक काही नाही. फक्त भाड्याने राहणारा शेजारी आणि ते स्वतः यांची काळजी हळूहळू एकच होत चालली आहे.

लाडकी बहीण ही सामाजिक सुरक्षा की रेवडी?

'रेवडी' हा शब्द मला आवडत नाही. महिन्याच्या १,५०० रुपयांवर ज्या बाईने पहिल्यांदा कुणालाही न विचारता स्वतःसाठी चष्मा केला, तिच्यापुढे तो उच्चारून दाखवा. पण माझी हरकत दुसरी आहे. २०२४ च्या निवडणुकीच्या वर्षी आलेली योजना पुढच्या वर्षी निकष लावून नावं गाळू शकते. लाभार्थीला रोज वाटतं की आपलं नाव राहील का. रोजगार हमी हा कायदा होता. काम मागितलं तर द्यावंच लागे, नाहीतर भत्ता. तरुणांनी योजनेवर खूश न राहता कायदा मागावा, एवढंच मी म्हणेन.

या सगळ्याला पैसा कुठून येणार?

तुमच्याच पगाराच्या स्लिपवर एक उत्तर छापलेलं आहे. व्यवसाय कर बघा, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. शहरातल्या नोकरदाराला वाटतं हा कसला फालतू कर. हा कर १९७५ मध्ये बसवला तो गावाकडच्या रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात विसापूरला ही कल्पना करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मुंबई-ठाण्याच्या कमावत्या माणसाने मराठवाड्यातल्या मजुराची हमी घेतली आणि त्यासाठी कुणी उद्योग सोडून पळालं नाही. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी कायदा केला तेव्हा ही योजना समोर होती.

दुसरं उदाहरण तुमच्या खिडकीतून दिसेल. घोडबंदरला जे टॉवर चढतायत, त्यांच्या बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर बसतो आणि तो १९९६ च्या कायद्याप्रमाणे बांधकाम मजुरांच्या मंडळाकडे जातो. पैसा गोळा होतो, पण खर्चात ढिलाई आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देताना ठेकेदार टाळाटाळ करतात आणि मजूर नोंदणीतूनच निसटतो.

बाकी, भारतातल्या केंद्र आणि राज्यांच्या करांची बेरीज राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण १७-१८ टक्के भरते, श्रीमंत देशांची सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास. डेन्मार्कसारखं सगळं आणि आत्ताच्या करांत, हे जमणार नाही, आणि मुलांना मी हे स्पष्ट सांगते. पण 'तरुण कर भरत नाहीत' हेही खरं नाही. मोबाइलच्या प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के जीएसटी जातो, तो रायडरसुद्धा भरतो.

मग नेमकं मागायचं काय?

माझ्या मते तीन गोष्टी. सुरक्षा मालकाला न चिकटता माणसाला चिकटलेली असावी. पगाराची एक पायरी चढल्यावर आधीचा आधार एकदम तुटू नये. आणि म्हातारपणाचं पेन्शन महागाईबरोबर वाढावं. यातली पहिली गोष्ट मिळाली तर इतर दोन मागायला बळ येईल.

ते होईल तेव्हा होईल. मी आज काय करू?

नोकरी बदलल्यावर पीएफ काढू नका, जुन्या खात्यातून नव्यात वळवा. १० वर्षं भरली नसतील आणि नोकरीत खंड पडला असेल, तर पेन्शनची रक्कम काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, पुढे ती वर्षं मोजली जातात. गिग काम, म्हणजे ॲपवरून मिळणारं काम, करत असाल तर ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा, पुढच्या कुठल्याही निधीसाठी तीच यादी वापरली जाण्याची शक्यता आहे. आईवडिलांपैकी कुणी ७० च्या वर असेल तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि पीएफचं नॉमिनेशन, म्हणजे तुमच्या मागे पैसे कुणाला मिळावेत याची नोंद, तपासा. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर पीएफला जोडलेल्या ठेव संलग्न विम्यातून कुटुंबाला ७ लाखांपर्यंत मिळतात, त्याचा हप्ता मालक भरतो, आणि पेन्शन योजनेत एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला किंवा पतीला पेन्शन सुरू होतं. पुष्कळ घरांना हे कुणी सांगतच नाही. लग्न झालं असेल तर जुनं नॉमिनेशन चालत नाही, नवं भरावं लागतं. ऑनलाइन होतं, आधारला मोबाइल जोडलेला लागतो, जोडीदाराचा फोटो आणि बँक खात्याचा तपशील हाताशी ठेवा.